आधी जाई, मग माती... परफ्यूम खराब झालाय का?

प्रश्न : ताई, वाढदिवसाला मामेबहिणीने परफ्यूम दिला. बॉक्सवर जाई, निशिगंध आणि खाली वाळा, पॅचुली असं लिहिलंय. मारला की पहिली पाच-दहा मिनिटं डांबराच्या गोळ्यांसारखा, थोडा कुजकट वास येतो, मग जाई मस्त येते आणि दुपारी बघितलं तर चक्क ओल्या मातीचा वास. सासूबाई म्हणतात जुना माल असेल, टाकून दे. खरंच खराब आहे का? आणि आमच्या इथल्या घामात हा टिकवायचा कसा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अगं टाकू नकोस, प्लीज! तू लिहिलंयस त्यावरून तरी बाटली चांगली वाटतेय. आणि आधी काय, मग काय, दुपारी काय, इतकं लक्ष देऊन वास घेतलास हे वाचून मला खूपच बरं वाटलं.

तू फोंड्याची, म्हणजे मार्दोळची जायो तुला मी काय सांगणार. म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हाचा घमघमाट आठव. आता एक कर, संध्याकाळी आणलेली फाती (जायांचा गजरा) रात्रभर टीपॉयवर राहू दे आणि सकाळी नाकाशी धर. पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या असतात, बोटाला चिकटतात आणि गोड वासाच्या खालून काहीतरी जड, शिळं, गोठ्याच्या बाजूचं येतं. ते इंडोल नावाचं द्रव्य. ताज्या जाईत, मोगऱ्यात, निशिगंधातही ते असतं, अगदी थोडं, आणि म्हणूनच ती फुलं जिवंत वाटतात, नाहीतर नुसता साबणाचा वास उरेल. प्रमाण जास्त झालं की डांबराची गोळी! तुला सुरुवातीला येतं ते हेच असणार, स्प्रेमधलं अल्कोहोल उडताना तर ते जास्तच टोचतं.

माझ्या मते या परफ्यूमची खरी कमाल इथेच आहे. पांढऱ्या फुलाच्या वासात कुजण्याची थोडी छटा आधीच असते, मग त्याच्याखाली वाळ्याची मुळं आणि पॅचुली (आपल्या गजऱ्यातल्या पाचेचीच बहीण ती) ठेवली की ती छटा मातीला जाऊन मिळते, खटकत नाही. तीच फुलं गोड व्हॅनिलावर ठेवली की गोव्याच्या मे महिन्यात माझं तरी डोकं धरतं. फुलांचा हलका भाग आधी उडून जातो, वाळा जड, सावकाश उडतो, म्हणून दुपारी माती उरते. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असते ना, पाणी प्यायल्यावर घशात मागे राहतो तो वास, तोच.

आणि मातीचा वास म्हणजे जुना माल असं नाही हं. कनौजला भट्टीत भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात धरतात, त्याला मिट्टी अत्तर म्हणतात, लोक हौसेने पैसे देऊन घेतात. पहिल्या पावसाच्या वासाला १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पेट्रिकोर हे नाव दिलं, त्यातला मातकटपणा जमिनीतले जंतू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात त्याचा. बीट चिरताना येतो ना, तोच. खराब झालेल्या परफ्यूमचा वास बहुतेकदा आंबट किंवा खवट येतो.

टिकवायचं म्हणशील तर अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लाव आणि वर एकच स्प्रे, मानेच्या मागे. उकाड्यात पांढरी फुलं एकदम अंगावर येतात, बसमध्ये शेजारच्यांचाही विचार करावा लागतो. मनगटं एकमेकांवर घासू नकोस. सुती कपड्यावर जास्त वेळ राहतो, पण पांढऱ्या साडीवर नको, डाग पडतो. बाटली बाथरूममध्ये तर अजिबात नको, कपाटात अंधारात ठेव.

सासूबाईंनाही सकाळी मनगटावर एक थेंब लावून दे, पण लगेच विचारू नकोस, दुपारी चहाच्या वेळी हुंगायला सांग. त्या काय म्हणाल्या ते मला नक्की कळव.