विनोदी आणि तऱ्हेवाईक अद्भुत कादंबऱ्या वाचकांना इतक्या का आवडतात?

अशा कादंबऱ्या अशक्य जगाला काटेकोर नियम लावतात आणि त्या नियमांचे परिणाम इतक्या गांभीर्याने शेवटपर्यंत नेतात की आपल्याच व्यवहारांतील विसंगती उघडी पडते. त्यांची गोडी मुख्यतः यामुळेच आहे. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत (1983 ते 2015, एकूण 41 कादंबऱ्या) हे स्पष्ट दिसते. ‘गार्ड्स! गार्ड्स!’मधील पहारेकऱ्यांची अशी श्रद्धा आहे की दशलक्षांत एक शक्यता असलेली घटना कथांमध्ये हमखास घडते. म्हणून ड्रॅगनवर बाण सोडण्यापूर्वी, नेम लागण्याची शक्यता नेमकी तितकीच कमी व्हावी यासाठी ते तिरंदाजाची स्थिती मुद्दाम अधिकाधिक अवघड करत जातात. येथे विनोद शाब्दिक कोटीतून नव्हे, तर तर्कातून निर्माण होतो. ‘गोइंग पोस्टल’मध्ये तर फाशीतून वाचवलेल्या ठकसेनाकडे मोडकळीस आलेले टपाल खाते सोपवले जाते, आणि जादूच्या जगातली ही कथा सार्वजनिक सेवा व मक्तेदारी यांविषयी बरेच काही सांगून जाते. केवळ चमत्कारिक नावे आणि बोलणारे प्राणी यांवर भागवणाऱ्या कादंबऱ्या मात्र (त्याही पुष्कळ आहेत) लवकरच कंटाळवाण्या होतात. एवढे लक्षात ठेवावे, की यांतील बराच विनोद गंभीर अद्भुत साहित्याच्या विडंबनावर उभा असतो. त्या साहित्याचा परिचय नसलेल्या वाचकाला या मालिकेची पहिली दोन पुस्तके तुटक वाटू शकतात, त्यामुळे त्याने 1989 च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून आरंभ करणे अधिक सोयीचे ठरेल.