आधी जागा, मग आडनाव: आयरिश पूर्वजांच्या शोधाबद्दल वाचकांचे प्रश्न

आमची सून बोस्टनची आहे. तिचे खापरपणजोबा १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात आयर्लंडमधल्या कॉर्कहून अमेरिकेला गेले. आडनाव सलिव्हन. घरात एवढंच माहीत आहे. तिचे वडील म्हणतात, आयर्लंडचे सगळे कागद १९२२ साली जळाले, शोधून उपयोग नाही. खरंच तसं आहे का? (पुणे)

अर्धंच खरं आहे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीलाच, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समध्ये स्फोट झाला आणि तिथलं सरकारी अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ या चार जनगणना जवळपास सगळ्या गेल्या. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या अर्ध्याहून जास्त नोंदवह्याही गेल्या, कारण त्या सरकारी दस्तऐवज ठरवून तिथे जमा केलेल्या होत्या. पण सगळं खापर आगीवर फोडू नका. १८६१ आणि १८७१च्या जनगणनेचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. म्हणून आज पूर्ण हाती लागणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ची. ती आणि १९११ची, दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

कॅथलिक चर्चचे कागद मात्र सरकारने कधी मागितलेच नाहीत. ते गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटात राहिले आणि त्यामुळेच वाचले. तुमच्या सुनेचं घराणं कॅथलिक असेल, आणि कॉर्कचे सलिव्हन म्हणजे बहुधा असणारच, तर तिला १९२२ची फारशी झळ बसलेली नाही.

तिची खरी अडचण ‘कॉर्क’ ही आहे. तो आयर्लंडमधला सर्वांत मोठा परगणा, आणि सलिव्हन तिथे पावलोपावली. आयर्लंडमध्ये माणसाचा पत्ता परगण्यावर किंवा गावावरही थांबत नाही, तो टाउनलँडपर्यंत जातो. टाउनलँड म्हणजे शेतजमिनीचा ठरलेल्या सीमांचा, स्वतःचं नाव असलेला तुकडा. त्यावर दोन घरं असतील किंवा चाळीस. देशात असे साठ हजारांहून जास्त तुकडे आहेत. ते नाव हाती नसेल तर डब्लिनचं विमान पकडू नका. ते नाव बहुतेकदा अमेरिकेतच सापडतं: थडग्याच्या दगडावर, मृत्युलेखात, चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ अशी नव्वद वर्षं ‘हरवलेले स्नेही’ या सदरात जाहिराती येत. भाऊ बहिणीला शोधतोय, बायको नवऱ्याला. त्यात मूळ परगणा असतोच, पुष्कळदा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) किंवा टाउनलँडही असतो. आणि फक्त खापरपणजोबांच्या मागे लागू नका. त्यांची भावंडं, लग्नातले साक्षीदार, शेजारी यांचेही कागद काढा. माणसं एकाच ठिकाणची मिळून जात. ज्याच्या कागदावर जागा लिहिली आहे तो तुमचा थेट पूर्वज नसला तरी चालतं.

मी डब्लिनमध्ये राहते. सासरचं घराणं टिपरेरीचं, आडनाव रायन. ग्रिफिथच्या मूल्यांकनात एकाच पॅरिशमध्ये चार जॉन रायन मिळाले. आमचा कुठला? (डब्लिन)

टिपरेरीत रायन शोधताय, चारच मिळाले हे नशीब समजा.

रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशभरातल्या घरांचं आणि जमिनींचं मूल्यांकन छापून निघालं. छापील असल्यामुळे प्रती अनेक ठिकाणी होत्या आणि ते वाचलं. आपल्या सातबाऱ्यावर जसा कब्जेदार कोण आणि कूळ कोण ते कळतं, तसं इथे जमीन कसणारा कोण, ती त्याला खंडाने कोणी दिली, क्षेत्र किती आणि कराची आकारणी किती ते कळतं. खंडाने देणारा मूळ जमीनदारच असेल असं नाही, तो मधला कूळही असू शकतो. आणि यात वय नाही, नातं नाही, बायकोमुलांचा पत्ता नाही. फक्त एवढ्या कागदावर ‘हाच आमचा’ म्हणणारे वंशवृक्ष इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

चौघांना वेगळं करायला तीन गोष्टी बघा. एक, नावापुढचा कंसातला शब्द. एकाच टाउनलँडमध्ये एका नावाचे दोघे असले की कारकून बापाचं नाव किंवा घराण्याचं टोपणनाव जोडत: ‘जॉन रायन (पॅट)’ म्हणजे बहुधा पॅटचा जॉन. दोन, शेजारी. सासरच्या घराण्यातल्या बाप्तिस्म्यांना जी आडनावं साक्षीला उभी आहेत, ती चौघांपैकी कोणाच्या आजूबाजूला दिसतात?

तिसरी गोष्ट मला सर्वांत भरवशाची वाटते: मूल्यांकन कार्यालयाच्या फेरफार वह्या. ग्रिफिथनंतर ताबा बदलला की जुनं नाव खोडून नवं लिहीत आणि शेजारी वर्ष टाकत. वेगवेगळ्या सालच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या रंगांच्या शाईत असतात, त्यामुळे एका पानावर तीन पिढ्यांचे हात फिरलेले दिसतात. जॉन खोडून त्याची विधवा, ती खोडून मुलगा, असं करत विसाव्या शतकापर्यंत येता येतं. तुम्ही डब्लिनमध्येच आहात, तर या वह्या तिथेच बघा. (उत्तर आयर्लंडच्या वह्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत.) १९०१च्या जनगणनेत तुमच्या आजेसासऱ्यांचं घर ज्या टाउनलँडमध्ये आहे तिथून मागे चालत जा. चारपैकी तीन जॉन आपोआप गळतील.

त्याही मागे जायचं तर १८२३ ते १८३७ दरम्यानच्या टाइद वह्या आहेत. टाइद म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चच्या पोटापाण्यासाठी शेतकऱ्यांकडून घेतला जाणारा कर. तो कॅथलिक शेतकऱ्यांनाही भरावा लागे, म्हणून १८३०च्या दशकात त्यावरून दंगे आणि रक्तपात झाला. गंमत म्हणजे ज्यांनी तो नाइलाजाने भरला त्यांची नावं त्याच वह्यांमुळे आज सापडतात. भूमिहीन मजूर मात्र त्यात नाहीत आणि शहरंही जवळपास नाहीत.

चर्चची वही उघडली, पण सगळं लॅटिनमध्ये. ‘जेम्स’ कुठेच नाही. आईचं आडनावही तीन मुलांच्या नोंदींत तीन तऱ्हांनी लिहिलंय. (ठाणे)

‘याकोबुस’ शोधा, तोच जेम्स. विल्यम ‘गुलिएल्मुस’ होतो, चार्ल्स ‘कारोलुस’, जॉन ‘योआनेस’. आडनावं लॅटिनमध्ये सहसा जात नाहीत, पण पाद्री कानाला येईल तसं लिही. ‘ओ’ आणि ‘मॅक’ कधी लागतात, कधी गळतात. तीन स्पेलिंगं म्हणजे तीन बायका नव्हेत.

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने या कॅथलिक वह्यांच्या मायक्रोफिल्म २०१५ साली फुकट खुल्या केल्या. त्या साधारण १८८०पर्यंतच्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव आणि दोन साक्षीदार असतात. साक्षीदारांची नावं सोडू नका, ते बहुधा काका-मावशीच असतात. लग्न सहसा वधूच्या पॅरिशमध्ये होई आणि पहिलं मूल पुष्कळदा आईच्या माहेरच्या चर्चमध्ये सापडतं. दफनाच्या कॅथलिक नोंदी फारच थोड्या, त्यांच्या आशेवर राहू नका. पश्चिमेकडे, मेयो किंवा डोनेगलसारख्या गरीब भागांत, कित्येक वह्याच उशिरा सुरू होतात. पान नाही म्हणजे माणूस नव्हता असं नव्हे.

आणखी एक गोंधळ: १८६४पासून सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. तिच्यात कधीकधी जन्मतारीख बाप्तिस्म्यानंतरची दिसते! नोंदणीला उशीर झाला की दंड होता, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. अशा वेळी चर्चची वही खरी माना.

आईच्या बाजूचे एक पणजोबा आयरिश शिपाई होते. खडकीच्या छावणीत असत, एवढीच ऐकीव माहिती. त्यांचं आयर्लंडमधलं गाव कळेल का? (खडकी)

कळण्याची शक्यता चांगली आहे. १८३०च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात दर पाच शिपायांमागे दोन आयरिश होते. पलटणीच्या नावावरून मात्र अंदाज बांधू नका, आयरिश माणसं सगळ्याच पलटणींत होती. उलट रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन म्हणजे मूळची कंपनी सरकारची मुंबईची युरोपीय पलटण. ती १८६२मध्ये राणीच्या सैन्यात गेली आणि १८८१मध्ये डब्लिनच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

सुरुवात इथून करा: मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लग्नाची नोंद मिळाली की पलटण कळते. पलटण कळल्यावर दोन वाटा. पणजोबा राणीच्या सैन्यातून पेन्शन घेऊन सुटले असतील तर त्यांचे सुटकेचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात असतील. त्या फॉर्मवर जन्माची पॅरिश, जवळचं शहर आणि परगणा असे तीन रकाने असतात. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून, पण जवळच्या शहरामुळे बहुतेक वेळा जागा ओळखता येते. कंपनीचे शिपाई असतील तर त्यांच्या भरतीच्या आणि जहाजाच्या याद्या ब्रिटिश लायब्ररीतच. नोकरीत असतानाच इथे वारले असतील तर पेन्शनचे कागद मिळणार नाहीत, मग पलटणीचे हजेरीपट चाळावे लागतील. ते काम कंटाळवाणं आहे. पैसे देऊन संशोधक नेमायचाच असेल तर याच टप्प्यावर नेमा.

१९०१च्या जनगणनेत पणजी ५४ वर्षांची, १९११च्या जनगणनेत थेट ७१! या दोन बायका तर नव्हेत? (नाशिक)

एकच बाई. जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. सरकारी जन्मनोंदी १८६४च्या आधी नव्हत्या, त्यामुळे अनेकांचं वय झपाट्याने वाढलं. पुरावा म्हणून १८४१ आणि १८५१च्या जनगणनेतून उतारे काढून घेतले जात. त्या जनगणना पुढे जळाल्या, पण पेन्शनच्या अर्जांसाठी झालेल्या शोधाचे कागद उरले. ते आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ऑनलाइन आहेत. पणजीच्या नावाने तिथे जरूर शोधा. तिच्या आईबापांसकट सगळं घर एका कागदावर मिळालं तर आश्चर्य नको.

एवढं सगळं सापडल्यावर आयरिश नागरिकत्व मिळतं का? (मुंबई)

आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून मिळतं. पणजोबांवर मिळत नाही. अपवाद एकच: तुमच्या जन्माआधीच तुमच्या आई किंवा वडिलांनी त्या वहीत स्वतःची नोंद केलेली असेल तर. खडकीच्या वाचकांनी या आशेवर खर्च करू नये.