रहस्यकादंबरीवर मत लिहिणार आहेस?

भावा, ‘नाद खुळा, शेवट तर विचारूच नका’ एवढं लिहून भागत नाही. करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणलंस की शेजारी वही ठेव. पाव पुस्तक झालं की थांब. संशय कुणावर, कशामुळं, ते पान नंबरासकट लिही. निम्म्यावर परत. शेवट कळल्यावर हे आठवून लिहिता येत नाही. मन लबाड, ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणतं.

मग गुन्हेगार माहीत असताना पहिली ३ प्रकरणं पुन्हा चाळ. दुवे तिथं होते आणि तुझ्या नजरेतून निसटले, तर लेखक जिंकला. शेवटच्या २० पानांत अचानक जुळा भाऊ उगवला, तर ती फसवणूक. तसं स्पष्ट लिही. (इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे १० नियम मांडले, त्यातला दहावा जुळ्यांबद्दलच आहे: वाचकाला आधी कल्पना दिल्याशिवाय ते आणायचे नाहीत.)

कथानक पहिल्या पाव भागापुढं सांगू नकोस. ‘शेवटी धक्का आहे’ हेसुद्धा नको. वाचणारा मग प्रत्येक पात्राकडं संशयानंच बघत बसतो. अनुवाद असेल तर संवाद मराठी वाटतात का, त्याला २ ओळी दे.