डिस्क सिस्टिम घरघरते पण लोड होत नाही? आधी सहा सेल आण

भावा, तुझे तिन्ही प्रश्न एकदमच घेतो. जपानच्या लिलावातून मागवलेला फॅमिकॉम डिस्क सिस्टिमचा, म्हणजे निंटेंडोच्या फॅमिकॉम ह्या गेम कन्सोलला डिस्कवरून गेम चालवायला जोडायच्या यंत्राचा, ड्राइव्ह घरघरतो पण गेम लोड होत नाही, हा पहिला. घरातल्या जुन्या लोकल टीव्ही गेमवर ही डिस्क सिस्टिम चालेल का, हा दुसरा. आणि पुण्यातला एकजण सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला जोडायच्या मेगा-सीडी आणि ३२एक्सची जोडी देतोय, घेऊ का, हा तिसरा. तिसऱ्याची तुला लई घाई दिसतीय पण पहिलं काम पहिलं.

आधी पॉवर. पार्सलमध्ये जो जपानी अ‍ॅडॉप्टर आलाय तो आपल्या भिंतीतल्या प्लगात घालायचाच नाही, तो १०० व्होल्टचा आहे आणि आपल्याकडे २३० येतात, सरळ धूर निघेल. बाजारातला कुठलाही ९ व्होल्टचा घेऊन घुसवला असंही करू नकोस, कारण निंटेंडोच्या त्या काळच्या वस्तूंमध्ये पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो आणि आपल्याकडे मिळणारे बहुतेक अ‍ॅडॉप्टर मधे पॉझिटिव्ह असतात. शिवाय स्वस्तातला ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर नुसता मीटरवर बघितला तर ९ लिहिलेलं असून १२-१३ दाखवतो, तोही एक ताप. सगळ्यात सोपा मार्ग निंटेंडोनेच ठेवलाय, ड्राइव्हमध्ये सहा मधले सेल बसतात, टॉर्चमधला जाडा नाही आणि रिमोटचा बारीकही नाही, त्यामधला. सहा सेल म्हणजे बरोबर ९ व्होल्ट, उलटसुलट व्हायची भीती नाही. हे सेल आता किराणा दुकानात कमी दिसतात पण कोल्हापुरात शाहूपुरीत स्पेअरच्या दुकानात विचार, मिळतील. अ‍ॅडॉप्टरचं मग निवांत बघू.

आता घरघर. ही वस्तू २१ फेब्रुवारी १९८६ ला जपानात आली, म्हणजे आतला रबरी बेल्ट जर कधीच बदलला नसेल तर तो आता बेल्ट राहिलेलाच नाही, काळपट चिकट डांबर झालंय त्याचं. मोटर फिरते, डिस्क फिरत नाही, आवाज मात्र जोरात. ह्या ड्राइव्हमधलं ऐंशी टक्के दुखणं तिथंच असतं असं माझं मत आहे, त्यामुळे उगीच चिप मेली म्हणून घाबरू नकोस.

पण बेल्टला हात लावायच्या आधी एक टेस्ट कर. रॅम अ‍ॅडॉप्टर, म्हणजे ती काळी पेटी जी कॅसेटच्या जागी बसते, तिला पॉवर कन्सोलकडूनच मिळते आणि सुरुवातीचा प्रोग्रॅमही तिच्यातच आहे. ड्राइव्हची केबल न लावता नुसती ती पेटी बसवून कन्सोल चालू कर. निंटेंडोची पाटी आणि मारिओ-लुईजीची पळापळ दिसली की पेटीचा बराचसा भाग जिवंत आहे असं समज. नंतर ड्राइव्ह जोडून डिस्क घातल्यावर स्क्रीनवर जो एररचा नंबर येतो तो लिहून ठेव, तुझ्या प्रश्नात तो नाही आणि खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा. ०१ म्हणजे डिस्क नीट बसलेली नाही, ०२ म्हणजे पॉवर कमी, ०७ म्हणजे डिस्कची बाजू चुकली. २१, २२, २७ असं वीसच्या पुढचं काही आलं तर हेड (डिस्क वाचणारा भाग) वाचायला बघतंय पण त्याला नीट मिळत नाही, म्हणजे बेल्ट, घाण नाहीतर अलाइनमेंट, म्हणजे हेड आणि डिस्कचा मेळ.

बेल्टचं सांगतो. तयार बेल्ट परदेशातून ऑनलाइन मिळतात, तेच शेवटी घालायचे. पण ते येईपर्यंत टेस्टसाठी जुन्या टेपरेकॉर्डर मेकॅनिककडचा चौकोनी कापाचा बेल्ट चालतो. जुना वितळलेला असल्यामुळे त्यावरून माप मिळणार नाही, मग दोन्ही पुलींभोवती दोरा गुंडाळून माप घे आणि त्याहून थोडा लहान बेल्ट माग. फार घट्ट नको, मोटर जड चालते आणि स्पीड बिघडतो. डांबर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड, वेळ लागतो, गप बसून करायचं काम आहे. मेकॅनिक म्हणेल दे इकडं, थिनरनं एका मिनटात काढतो, तर देऊ नकोस, थिनर प्लास्टिक खातं. आणि पुलीच्या खाचेत थोडं जरी चिकट राहिलं तर नवीन बेल्टही आठवड्यात घसरायला लागेल.

इथपर्यंत कोणीही करतो, गंमत पुढं आहे. ह्या डिस्कवर कॉम्प्युटरच्या फ्लॉपीसारखे वेगवेगळे ट्रॅक नसतात, एकच लांब गोल-गोल ट्रॅक बाहेरून आत जातो, आणि एकच मोटर डिस्कपण फिरवते आणि हेडपण सरकवते. म्हणजे डिस्क कुठल्या कोनात आहे आणि हेड कुठून निघालंय ह्याचा मेळ फॅक्टरीत बसवलेला असतो. डिस्क जिच्यावर बसते त्या चकतीला बाजूला एक बारीक अ‍ॅलनचा स्क्रू असतो, तो सैल करून चकती जरा जरी फिरवली की मेळ गेला. म्हणून उघडल्या उघडल्या आधी मोबाइलनं फोटो काढ आणि चकती आणि शाफ्टवर बारीक मार्करनं एकाच रेषेत खूण कर, मग पुढं. बेल्ट बदलताना त्या स्क्रूला हात लावायची गरजच नसते, बरेच जण उत्साहात लावतात. आधीच्या मालकानं लावलेला असेल तर मात्र नाइलाज आहे, मग केसभर फिरव, घट्ट कर, डिस्क टाकून बघ, परत. एखादी रविवारची दुपार त्यात जाते, कधी दोन.

आणि टेस्टची डिस्क खात्रीची पाहिजे. त्या पिवळ्या डिस्कांना बहुतेक करून लोखंडी झाकण नसतं, आतली फीत उघडी. आपल्याकडचा पावसाळा तुला माहितीच आहे, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं फितीचं काय. फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालायचीच नाही, ती घाण हेडवर जाते आणि मग पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. अजून एक, लेबलवर विश्वास ठेवू नकोस. तिकडं जपानात दुकानात मशिन असायचं, ५०० येन दिले की त्याच डिस्कवर दुसरा गेम लिहून द्यायचे, ही सेवा २००३ पर्यंत चालू होती, त्यामुळे वर एक नाव आणि आत दुसराच गेम असं सर्रास असतं. विकणारा फसवतोय असं नाही.

ड्राइव्ह दोषी की पेटी हे शंभर टक्के कळायला एफडीएसस्टिक नावाची छोटी यूएसबी वस्तू मिळते, ती ड्राइव्हच्या जागी पेटीला लावायची. तिच्यावर गेम चालला म्हणजे पेटी पास. दोन-तीन ड्राइव्ह जमवायचे असतील तर घेच.

दुसरा प्रश्न लोकल टीव्ही गेमचा. त्याची कॅसेटची खाच ६० पिनची असेल तर पेटी बसेल आणि बऱ्याच वेळा चालेलही. पण खऱ्या फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून फिरून परत येतो, डिस्क सिस्टिम आपला जादा आवाज तिथं मिसळते. बऱ्याच क्लोनमध्ये (नकली फॅमिकॉम, तुझा लोकल टीव्ही गेम त्यातलाच) त्या दोन पिना जोडलेल्याच नसतात, मग गाण्यातला एक सूर गायबच राहतो. वर आपले क्लोन सेकंदाला ५० फ्रेमवर चालतात, जपानी गेम ६० चे, सगळं जरा रेंगाळल्यासारखं वाटतं. टेस्टिंगला ठीक आहे, खेळायला खरा फॅमिकॉम बघ. तोही १९९३ चा एव्हीवाला, म्हणजे चित्र-आवाज वेगळ्या वायरींनी देणारा, मिळाला तर सोनं, कारण जुन्याचा आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटात जाणारा सिग्नल, जपानच्या चॅनेल १-२ वर येतो, ९०-९७ मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथं आपले टीव्ही चॅनेल शोधतच नाहीत, आपल्याकडं तो एफएम रेडिओचा भाग. एव्हीचं काम करून घेता येतं पण जुन्या बोर्डाला कमीत कमी छेडावं ह्या मताचा मी आहे. आणि घरातला जुना डबा टीव्ही भंगारात घालू नकोस, पुढं कधी लाइट गन (टीव्हीवर नेम धरायची बंदूक) घेतलीस तर ती एलसीडीवर चालत नाही.

आता पुण्याची जोडी. अ‍ॅड-ऑन, म्हणजे कन्सोलला जोडायची जादा पेटी, घेताना लोक मोठा डबा बघतात, मी बारीकसारीक वस्तू बघतो, कारण डबा मिळतो, त्याच्या वायरी मिळत नाहीत. ३२एक्सला मेगा ड्राइव्हचं चित्र आत आणणारी एक छोटी केबल लागते, ती नसेल तर मेगा ड्राइव्हचा थर दिसतच नाही. तुझा मेगा ड्राइव्ह पहिल्या मॉडेलचा असेल तर त्याचा एव्हीचा सॉकेट वेगळा, त्याला आणखी एक जोड लागतो. पॉवरला तिघांचे तीन अ‍ॅडॉप्टर, मेगा-सीडी ९ व्होल्ट आणि मधे निगेटिव्ह, ३२एक्स १० व्होल्ट आणि मधे पॉझिटिव्ह. कोणीतरी ह्यात उलटंपालटं केलेलं असतं आणि मेगा-सीडीच्या बोर्डावरचा फ्यूज गेलेला असतो, मग ती "डेड पीस" म्हणून स्वस्तात विकली जाते. तसा पीस मला आवडतो, पण मीटर आणि सोल्डरिंग गन हातात बसलेली असेल तरच. बोर्डावरचे जुने कपॅसिटर गळतात, सोल्डरिंग लावताना सडक्या माशासारखा वास आला की समज गळलेत, सगळेच बदलायचे.

मेगा-सीडी पुढून ट्रे बाहेर येणारी आहे की वरून झाकणाची, ते विचार. पुढच्या ट्रेवालीत परत एक बेल्ट आहे, त्याचंही वय तेच. डिस्कचा रिजन (कुठल्या भागासाठी बनली ते) आणि मशिनच्या बायॉसचा (आतल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमचा) रिजन जुळला पाहिजे, जपानी मशिनवर युरोपची सीडी नुसती लावून चालणार नाही.

पुढं कधी पीसी इंजिन ह्या जपानी कन्सोलच्या सीडी ड्राइव्हच्या नादाला लागलास, १९८८ ची, कन्सोलला सीडी लावणारी पहिलीच, तर तिचा प्लास्टिकचा गिअर तडकतो आणि लेझर कट-कट करत जागेवर बसतं. तेव्हा उद्यमनगरात लेथवाल्याकडं जाऊन पितळी गिअर पाडून घेऊ असं वाटेल, मापाचा नमुना अख्खा असेल तर होईलही, पण इतके बारीक दात करायला सगळेच तयार होत नाहीत, तयार मिळतो तो मागव. निंटेंडोच्या एन६४ कन्सोलची डिस्क ड्राइव्ह ६४डीडी मात्र आत्ता नकोच. डिसेंबर १९९९ ला आली, फेब्रुवारी २००१ पर्यंत खेळ खल्लास, गेम नऊच, आणि बिघडली तर सुटा भाग दुसऱ्या ६४डीडीतूनच काढायचा.

पुणेवाल्याला चारच फोटो माग. ३२एक्सची ती छोटी केबल, अ‍ॅडॉप्टरांची मागची लेबलं, मेगा-सीडीची खालची बाजू, आणि चालू असताना टीव्हीवरचं चित्र. केबल नाही म्हणाला तर किंमत पाडून माग, आणि टाळाटाळ केली तर त्याच पैशात आधी चांगला फॅमिकॉम घे.