शेवटी ओ-यू-जी-एच येणारे जुने, विरळा इंग्रजी शब्द कोणते?

तुम्ही विचारलंय की 'रफ', 'कॉफ', 'थ्रू', 'दो' हे रोजचे झाले. पण याच चार अक्षरांनी संपणारे, सहसा कानावर न पडणारे इंग्रजी शब्द कोणते, आणि प्रत्येकाचा उच्चार वेगळा का?

आधी 'का' सांगतो, म्हणजे पुढचे शब्द डोक्यात बसतील. जुन्या इंग्रजीत घशातून घासत येणारा एक आवाज होता, उर्दूतल्या 'ख़बर'मधल्या ख़ सारखा. तो नुसत्या 'एच'ने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्यासाठी हळूहळू 'जीएच' रूढ केलं. पुढे बहुतेक इंग्लंडातून तो आवाज गेला. कुठे नुसताच गळला, कुठे त्याचा 'फ' झाला. स्वरही त्याच काळात बदलत होते. कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला आणि स्पेलिंग गोठू लागलं, बोलणं मात्र पुढे जात राहिलं. एका शब्दाला एका बोलीचा उच्चार चिकटला, दुसऱ्याला दुसऱ्या बोलीचा. त्यामुळे हा प्रकार निव्वळ वेडेपणा आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. 'डॉटर'मधलं मुकं 'जीएच' बघा, आपल्या 'दुहिता'मधल्या 'ह'च्या जागेवर ते बसलेलं आहे.

आता शब्द. माझा सगळ्यात आवडता 'चफ', स्पेलिंग सी-एच-ओ-यू-जी-एच. हा कावळ्याच्या कुळातला पक्षी: काळाभोर अंग, लाल बाकदार चोच आणि पायही लाल. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथल्या मानचिन्हावर तो विराजमान आहे. तिथला शेवटचा चफ १९७३ मध्ये मेला. मग २००१ मध्ये काही पक्षी आपणहून परत आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पिल्लंही वाढवली. लडाख-स्पितीला गेलात तर हाच पक्षी तुम्हाला कड्यांवर घिरट्या घालताना दिसेल.

'हफ' वाचायचा मोह होईल असा एच-ओ-यू-जी-एच. उच्चार मात्र 'हॉक'. जनावराच्या मागच्या पायाचा सांधा. स्कॉटलंडमध्ये त्याला अजून 'हॉख़' म्हणतात, म्हणजे तो जुना घशातला आवाज तिथे टिकून आहे. तिकडे 'पॉटेड हॉख़' नावाचा पदार्थ करतात: नडगीचं मांस हाडासकट मंद आचेवर तासन् तास शिजवायचं, आणि हाडातून उतरलेल्या चिकावर ते आपोआप थिजू द्यायचं.

एस-ओ-यू-जी-एच हा तर दुहेरी शब्द. झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची सळसळ म्हणजे 'साउ', कुणी 'सफ'ही म्हणतं. पण डर्बीशरच्या शिशाच्या खाणींत 'सफ' म्हणजे पाणी काढायचा बोगदा. खालच्या दरीतून डोंगराच्या पोटात किंचित चढता खणत न्यायचा, की खाणीतलं पाणी पंपाशिवाय उताराने बाहेर पडतं.

'क्लफ' म्हणजे उत्तर इंग्लंडातली अरुंद, उभ्या कडांची घळ. फुटबॉलवाल्यांना हे आडनाव म्हणून ठाऊक असेल: ब्रायन क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला. 'लॉख़' म्हणजे आयर्लंडमधलं तळं. उत्तर आयर्लंडमधलं लॉख़ नेय सुमारे ३९० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे.

एस-एल-ओ-यू-जी-एच 'स्लाउ' वाचला तर दलदल, 'स्लफ' वाचला तर सापाने कात टाकणं. लंडनच्या पश्चिमेला स्लाउ नावाचं शहरही आहे, हीथ्रोपासून जवळच, आणि तिथे भारतीय वंशाचे लोक भरपूर आहेत. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पत्त्यावर हा शब्द तुम्ही पाहिलाच असेल.

एकाच नावात दोन ओ-यू-जी-एच हवे असतील तर लेस्टरशरमधलं 'लफबरा' घ्या. पहिल्याचा 'अफ', दुसऱ्याचा नुसता 'अ'.

राहिली उचकी. 'हिकप'चं एक स्पेलिंग ओ-यू-जी-एचने संपतं, पण ते बनावट आहे. शब्द मुळात आवाजावरून आलेला. खोकल्याच्या 'कॉफ'शी नातं असावं अशा समजुतीने कुणीतरी मागाहून ती अक्षरं जोडली, आणि उच्चार काही बदलला नाही. दोन्ही स्पेलिंगं कोशात सापडतात. लिहिताना यू-पीवालं वापरा.