पुढचे वल्हे, मागचे वल्हे

कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तू माझी कॅनू, म्हणजे दोघांनी वल्हवायची होडी, एका रविवारासाठी मागितलीस आणि मी ती देण्याचे कबूल केले. लग्नाला आठ महिने होत आले, तरी शिरोलीच्या फाउंड्रीतील पाळ्यांमुळे तुम्हा दोघांना एक अख्खा दिवस मोकळा मिळालेला नाही, हे तू सांगितलेस तेव्हाच माझा होकार ठरला होता. तरीही काही गोष्टी लिहून कळवतो आहे, कारण फोनवर तू प्रत्येक वाक्याला "हो काका" म्हणतोस आणि त्यातले निम्मे विसरतोस.

आधी जागेचे पाहू. तुझ्या मनात रंकाळा आहे, पण तेथे संध्याकाळी चौपाटीची गर्दी असते आणि ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच. निवांतपणा शोधायला रंकाळ्यावर जाणे म्हणजे झोपायला महाद्वार रोडवर जाण्यासारखे आहे. राधानगरीच्या जलाशयाचा मोह मलाही होतो, परंतु तो परिसर अभयारण्याचा आहे आणि वनखात्याच्या परवानगीविना तेथे होडी घालायची नाही. शहराच्या खालच्या अंगाला पंचगंगेचे पाणी कसे असते, ते तुला सांगायला नको. म्हणून मी तुला भोगावतीवर, शहराच्या बऱ्याच वर, एखाद्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे अडलेल्या पाण्यात जायला सुचवतो. पावसाळा संपला की या बंधाऱ्यांच्या खांबांमधील खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की ते काढून नदी मोकळी करतात. त्यामुळे थंडीच्या दिवसांत नदीचा तो पट्टा तळ्यासारखा संथ होतो, दोन्ही काठांना मळीच्या जमिनीतला ऊस उभा असतो आणि जवळपास गुऱ्हाळ चालू असेल तर सकाळच्या हवेत काकवीचा वास येतो. दोन नवख्या माणसांसाठी याहून सोयीचे पाणी मला माहीत नाही.

पाटबंधारे खात्यात आयुष्य गेल्यामुळे बंधाऱ्याविषयी जरा जास्त लिहितो, ते सहन कर. ज्या बंधाऱ्यामुळे पाणी संथ झाले, त्याच्याच जवळ ते सर्वांत धोक्याचे असते. बरग्यांवरून पाणी सांडत असेल, तर खालच्या अंगाला ते उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून घेते. चांगल्या पोहणाऱ्याचेही तेथे काही चालत नाही. वरच्या अंगाला एखाद्या गाळ्यातले, म्हणजे दोन खांबांमधल्या जागेतले, बरगे काढलेले असतील, तर त्या गाळ्याकडे जी ओढ लागते ती पाण्यावर डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा होडी बंधाऱ्यापासून निदान 200 मीटर वर पाण्यात घाल आणि तिथून वरच्या दिशेलाच जा. धरणातून पाणी सोडले की नदीची पातळी आणि वेग दोन्ही बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी काठावरच्या एखाद्या शेतकऱ्याला "पाणी कधी सुटणार आहे?" एवढे विचार, ज्याची उपशाची मोटार नदीवर आहे, त्याला ते नेमके ठाऊक असते. त्या मोटारींचे पाइप आणि वायर जेथे पाण्यात उतरतात, त्या जागाही टाळ. पावसाळ्यात मात्र हा विषयच काढू नकोस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत आणि 2019 व 2021 चे महापूर तू स्वतः पाहिले आहेस.

आता होडीचे. आपल्याकडे कयाक आणि कॅनू यांत फरक करत नाहीत, पण तो आहे. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते, तर कॅनूच्या वल्ह्याला एकच. कॅनू वरून उघडी असते आणि तिच्यात डबा, चटई, थर्मास असा संसार मावतो. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी भूर्जाच्या जातीच्या झाडाची साल लाकडी फासळ्यांवर ताणून, मुळांनी शिवून आणि सांधे डिंकाने लिंपून अशा होड्या बनवत. त्या इतक्या हलक्या असत की नदी संपली की माणसे होडी खांद्यावर घेऊन पुढच्या पाण्याकडे चालू लागत. आपल्या गावांत पुराच्या वेळी गुळाची काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, पाण्यात ढकलून माणसे पैलतीर गाठतात, त्यामागेही गरजच आहे, पण काहील गोल असल्याने गरगरते आणि कॅनू लांबट असल्याने सरळ जाते. सरळ जाते, असे मी म्हणतो खरे. ती सरळ नेणे हेच त्या दिवसाचे मुख्य काम आहे.

दोघांपैकी पुढे बसणारा माणूस लय ठरवतो आणि मागे बसणारा दिशा. दोघांनी वल्ही विरुद्ध बाजूंना मारायची. मागचे वल्हे होडीच्या टोकाजवळ पडत असल्याने होडी वळवण्यात त्याचाच हात जास्त असतो. तू उजवीकडे वल्हे ओढलेस की पुढचे टोक डावीकडे जाणार. हे वळण मोडण्यासाठी प्रत्येक ओढीच्या शेवटी वल्ह्याची मूठ अशी फिरवायची की अंगठा खाली जाईल, आणि मग पात्याने पाणी थोडे बाहेर लोटायचे. पहिला तासभर हे जमत नाही, आणि नंतर ते कधी जमू लागले हे लक्षात येत नाही. जोर दंडातून न लावता कमरेतून लाव, नाहीतर सोमवारी फाउंड्रीत हात वर होणार नाहीत.

पण मला खरे सांगायचे आहे ते याच्या पुढचे. तुझ्या काकूला मी पहिल्यांदा होडीत नेले, तेव्हा मागे बसून "डावीकडे मार, आता थांब, जोर लाव" असा साइटवरच्या मुकादमासारखा सुरू झालो. होडी वाकडी जात होती आणि माझी खात्री होती की चूक तिची आहे. अर्ध्या तासाने तिने वल्हे मांडीवर आडवे ठेवले आणि मागे न वळता म्हणाली, "मी मजुरीवर आलेली नाही." पुढचा तासभर होडी मी एकट्याने हाकली आणि ती पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबणारा कवड्या खंड्या पाहत बसली. होडी तेव्हाही वाकडीच जात होती, आणि तेव्हा मला कळले की दोष माझ्या वल्ह्यात होता. मागे बसलेल्याला पुढच्याची प्रत्येक हालचाल दिसते, त्यामुळे बिघडले की बोट पुढेच दाखवावेसे वाटते. पुढे बसलेल्याला मागच्याचे काहीही दिसत नाही, फक्त ऐकू येते. दोघांच्या होडीला परदेशातले हौशी लोक थट्टेने घटस्फोटाची होडी म्हणतात, त्याचे कारण मला तरी हेच वाटते. म्हणून सूनबाईंना पुढे बसव, त्यांनी जी लय धरली असेल ती तू पकड आणि तोंडातून शब्द काढायचाच असेल तर तो पुढे खडक किंवा भोयांची जाळी आहे का हे विचारण्यासाठी काढ, कारण ते त्यांनाच आधी दिसणार आहे. दुपारनंतर जागा बदलून पाहा. तुला मागून आलेली सूचना कशी लागते, हे कळायला दहा मिनिटे पुरतात.

सूनबाईंना पोहता येत नाही म्हणालास. मग लाइफ जॅकेट दोघांनीही घालायचे, तुला पोहता येत असले तरीही, आणि पट्टे इतके आवळायचे की खांद्याला धरून वर ओढले तरी जॅकेट कानापर्यंत सरकता कामा नये. होडीत शिरताना वाकून, दोन्ही हात दोन्ही काठांवर ठेवून शिरा आणि पाण्यात असताना उभे राहू नका. होडी उलटलीच तर ती सोडू नका. ती तरंगत राहते, तिला धरून काठाकडे पाय मारत या. मगरीची भीती तुझ्या आईने घातली असेल. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात मगरींचा वावर आहे हे खरे आहे, म्हणून भोगावतीवरही पाणी कधी सुटणार या चौकशीबरोबर मगरीची चौकशीही त्याच शेतकऱ्याकडे करून टाक.

पहाटे निघा. उजाडताना पाण्यावर धुके असते, पाणकावळे पंख पसरून खडकांवर वाळत बसलेले असतात आणि वारा जवळजवळ नसतो. तो दुपारी उठतो, आणि उघड्या होडीला वाऱ्याइतका मोठा शत्रू नाही. त्यामुळे वाऱ्याचे तोंड पाहून आधी त्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर तोच तुम्हाला परत आणील. वाऱ्यासमोर जाताना डबा आणि पाण्याचा कॅन पुढच्या बाजूला सरकव. पुढचे टोक हलके राहिले तर वारा ते हवे तसे फिरवतो. म्हशी डुंबत असतील तेथून लांबून जा, त्यांनी तुम्हाला पाहून घाबरण्यापेक्षा तुम्ही वळसा घालणे सोपे आहे.

किती अंतर जायचे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. अकराच्या सुमारास एखाद्या करंजाची किंवा उंबराची सावली पाण्यावर आलेली दिसली की मळ्याच्या मालकाला विचारून काठाला लागा, भाकरी, झुणका आणि खर्डा खा, आणि मग झोपा. तू घड्याळ पाहशील, ते मला माहीत आहे. ते काढून डब्यात ठेव. काही बोलायचे म्हणून बोलू नकोस. आठ महिने जे बोलायचे राहून गेले आहे, ते बहुधा परतीच्या वाटेवर, दोघांची तोंडे एकाच दिशेला असताना, आपोआप निघेल; समोरासमोर बसून ते निघत नाही असा माझा अनुभव आहे.

होडी पत्र्याच्या शेडमध्ये पालथी ठेवली आहे. तिचे वजन 30 किलोच्या आसपास आहे, तेव्हा गाडीच्या टपावर चढवायला दोघे लागतील. मी सकाळी साडेपाचला जागा असतो. भिंतीला दोन वल्ही टांगलेली आहेत. त्यांतले आखूड, मुठीला सुती पट्टी गुंडाळलेले वल्हे काकूचे आहे. ते सूनबाईंना दे, असे तिने स्वतः सांगितले आहे.

तुझा,
काका