बारशाचे ४० फोटो झिप करूनही मेलने जात नाहीत. आकार कसा कमी करू?

झिपने फरक पडणार नाही. जेपीजी ही मुळातच दाबून बसवलेली फाइल, घट्ट पिळलेलं कापड पुन्हा पिळलं तर थेंबभरच निघतं.

तुमचे फोटो प्रत्येकी ५ एमबीचे धरले, तर एकूण २०० एमबी. जीमेलची मर्यादा २५ एमबी, आणि जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून सगळे मिळून १८ एमबीच्या आत बसवा. फोटोमागे ४५० केबी झाले.

आधी लांबी-रुंदी कमी करा, क्वालिटीला (फाइल किती दाबायची ते ठरवणारा, १०० पर्यंतचा आकडा) हात नंतर. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. तो १६०० बाय १२०० केला की पिक्सेल सहावा हिस्सा उरतात, तरी मोबाइलवर बघणाऱ्याला फरक जाणवत नाही. ६ बाय ४ इंची प्रिंट काढली तरी इंचाला २६६ ठिपके मिळतात, तेवढे पुरतात. याउलट लांबी-रुंदी तशीच ठेवून क्वालिटी ३० वर नेली, तर जेपीजीचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन उघडे पडतात: बाळाच्या गालावर ठिगळं दिसतात, साडीच्या जरीभोवती गढूळ कडा येते.

विंडोजवर यासाठी मी इरफानव्ह्यू हे सॉफ्टवेअर सुचवेन, घरगुती वापराला फुकट आहे. उघडून 'बी' दाबा, की बॅचची, म्हणजे अनेक फोटो एकदम बदलायची खिडकी येते. सगळे फोटो यादीत घ्या, फॉरमॅट जेपीजी निवडा, ऑप्शन्समध्ये क्वालिटी ८० ठेवा. १०० ठेवू नका, फाइल उगाच फुगते. मग ॲडव्हान्स्डमध्ये रिसाइझला टिक करून 'लाँग साइड' १६०० करा. रुंदी आणि उंची दोन्ही आकडे ठोकून दिले, प्रमाण राखायची टिक नसली, तर उभ्या फोटोतली माणसं चपटी होतात.

आउटपुटला नवीन फोल्डर द्या, हे विसरू नकाच. मूळ फोटोंवर लहान फोटो चढले तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. पुन्हा कधी आकार बदलायचा झाला तरी मूळ फाइलवरूनच करा, कारण जेपीजी दर वेळी सेव्ह करताना थोडी खराब होते.

झाल्यावर फोल्डरचा एकूण आकार बघा. फुलांची सजावट, झाडं असे बारीक तपशिलाचे फोटो ६०० केबीच्या पुढे जाऊ शकतात. तेवढेच १४०० वर आणा, नाहीतर सरळ दोन मेल करा. आणि फोटो घरी काढलेले असतील तर जेपीजी ऑप्शन्समधली 'एक्झिफ'ची, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये साठवलेल्या माहितीची टिक काढा. फोनचं लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणा त्यात नोंदलेला असतो.